चार बोटं आभाळ

चौकटवाल्याने आभाळमास्तरांचं आभाळ कापलं, आणि तेही मास्तरांनीच शिकवल्याप्रमाणे, वरून, पट्टी लावून, एका दमात. कापताना त्याला स्वतःच्या हाताचं कौतुकही वाटलं. शाळेत भूमितीने त्याचा कायम छळ केला होता, पण त्या दुपारची रेघ इतकी सरळ गेली की जुन्या गणिताच्या सरांनी ती पाहिली असती तर मागचे सगळे मार परत घेतले असते.

ज्या कारखान्यात हे घडलं तिथे निसर्गचित्रं बनायची. हॉटेलांच्या खोल्यांसाठी, दवाखान्यांत वाट बघणाऱ्यांसाठी, नव्या घरातल्या रिकाम्या भिंतींसाठी. चित्र एकच: मागे डोंगर, मध्ये तळं, काठावर लाल छपराचं घर, बाजूला दोन झाडं. तैलरंगात, हाताने काढलेलं, अस्सल. अस्सलपणाबद्दल मालक फार हळवा होता. मात्र एका माणसाने अख्खं चित्र काढायचं म्हणजे वेळेची नासाडी, म्हणून त्याने निसर्गाची वाटणी करून टाकली होती, भावाभावांत होते तशी, फक्त कोर्टाशिवाय. एकाकडे झाडं, एकाकडे पाणी, एकाकडे डोंगर आणि घर. आभाळ मास्तरांकडे. सही झाडवाला करायचा, कारण त्याचं अक्षर बरं होतं. सहीतल्या नावाचा माणूस कुणी पाहिला नव्हता, पण मालकाला ते नाव भारदस्त वाटलं होतं.

कापड चोवीस बाय एकवीसचं असायचं आणि चौकट चोवीस बाय अठराची. वरचे तीन इंच हाताळायला, खिळे मारायला, चुकायला. रंग वाळला की चौकटवाल्याने ते छाटून टाकायचे. तो नवीन होता तेव्हा मास्तरांनी त्याला उभं करून सांगितलं होतं, "नेहमी वरून काप. खाली घर असतं, पाणी असतं, सही असते. आभाळाला हद्द नसते बाबा. तीन इंच गेलं तरी गिऱ्हाईक परत येत नाही."

त्यामुळे कारखान्यात आभाळाला तोटा नव्हता. छाटलेल्या निळ्या पट्ट्या पोत्यात पडून असायच्या आणि ज्याला जशी लागेल तशी तो उचलायचा. खिडकीच्या फटीत आभाळ, डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली आभाळ, ब्रश पुसायला आभाळ. मास्तर एकतीस वर्षं दिवसाला वीस-वीस आभाळं काढत आले होते आणि प्रत्येक कापडाचा सातवा हिस्सा या पोत्यात जात होता.

ज्या चित्रावर चौकटवाल्याचा हात गेला, ते मात्र या वाटणीतलं नव्हतं. ते मास्तरांनी घरी काढलं होतं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकट्याने, चार महिने खपून. डॉक्टरांनी त्यांना टर्पेंटाइनचा वासही घ्यायचा नाही असं बजावलं होतं, छातीत आता घ्यायला जागा उरली नव्हती. आठवड्याभरात नोकरी सुटणार होती. सकाळी त्यांनी गुंडाळी आणून चौकटवाल्याच्या टेबलावर ठेवली.

"यातलं काही कापू नकोस. याला चौकट एकवीसची लागेल, वेगळी कर. रविवारी माझी ताई येणार आहे न्यायला."

"हो मास्तर," चौकटवाला म्हणाला, आणि त्याचं ते म्हणणं खरंही होतं, म्हणजे म्हणेपर्यंत खरं होतं. मग एका हॉटेलची अठ्ठेचाळीस चित्रं त्याच दिवशी रवाना करायची निघाली. उलगडायचं, पट्टी लावायची, कापायचं, ताणायचं, खिळे. अठ्ठेचाळीस झाली तेव्हा हाताला ते कळलंच नाही. त्याने एकोणपन्नासावं उलगडलं.

मास्तर पाच वाजता आले.

"झालं?"

"झालं मास्तर. बघा ना."

मास्तरांनी चित्र खिडकीशी नेलं. त्यात एक उतार होता, सुकलेल्या गवताचा, आणि उतारभर पांढऱ्या चादरी पसरलेल्या. दुसरं काही नाही. डोंगर नाही, तळं नाही. त्यांनी उजव्या हाताची चार बोटं जुळवून चित्राच्या वरच्या काठाला लावली. बोटं लाकडावर पडली.

"इथे आभाळ होतं," ते म्हणाले.

तेव्हा कुठे चौकटवाल्याच्या डोक्यात सकाळ परत आली. पायाखालची जमीन सरकली म्हणतात, इथे वरचं छप्परच सरकलं होतं.

"मास्तर, तुम्ही म्हणाला होता कापू नकोस."

"म्हणालो होतो. आणि वरून काप असंही मीच म्हणालो होतो. एक सांगणं बारा वर्षांचं, एक एका सकाळचं. हात कुणाचं ऐकेल?" त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. "सरळ कापलंयस मात्र."

यापेक्षा त्यांनी एक मुस्काटात दिली असती तर चौकटवाल्याला बरं वाटलं असतं. पण मास्तरांना खोकल्याची उबळ आली आणि ते रंगाच्या डब्यावर बसले. उबळ गेल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "पट्टी कुठंय?"

पट्टी पोत्यात. पोतं जमिनीवर ओतलं. निळाईचा ढीग पडला, शे-दोनशे पट्ट्यांचा, सगळ्या मास्तरांच्याच हातच्या, सगळ्या एकसारख्या. दोघं गुडघ्यांवर बसून चाळायला लागले. बाकीचे घरी जायची तयारी करत होते. पाणीवाला हात धुताना म्हणाला, "काय हरवलंय?"

"आभाळ," चौकटवाला म्हणाला.

"तिथे तर तेच आहे सगळं."

"हे निळं नाही. राखाडी आहे."

पाणीवाल्याचे हात नळाखाली थांबले. त्याने स्वतःच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे एक राखाडी पट्टी पडली होती आणि तिच्यावर टीचभर जागेत तळ्याचा गडद हिरवा रंग पुसलेला होता. "मला वाटलं मास्तरांचं आज आभाळ बिघडलं," तो म्हणाला. मग पिशवी उचलून निघून गेला.

मास्तरांनी फडक्याला टर्पेंटाइन लावलं. चौकटवाला म्हणाला, "मी करतो, तुम्हाला मना आहे." मास्तर म्हणाले, "तुझ्या हाताने आज बरंच केलंय." हिरवा रंग निघाला, पण खालची राखाडीही त्याच्याबरोबर निघाली. ताजा तैलरंग म्हणजे वरून कोरडा आणि आतून कच्चा. टीचभर जागेत नुसतं कापड दिसायला लागलं.

ती टीचभर जागा भरायला त्यांना पुढचे तीन दिवस लागले, आणि त्या तीन दिवसांत चौकटवाल्याला मास्तरांचं आयुष्य कळलं. बारा वर्षं शेजारी बसून कळलं नव्हतं ते. कामाच्या माणसाला शेजाऱ्याचा डबा माहीत असतो, खोकला माहीत असतो, बाकी कोण विचारतो.

मास्तरांना आई आठवत नव्हती. नऊ वर्षांनी मोठी बहीण होती, तिनेच वाढवलं. ती रुग्णालयाच्या चादरी धुवायची. उताराच्या पायथ्याशी पत्र्याची खोली होती, खोलीसमोर धुण्याचे दगड, आणि धुतलेल्या चादरी वाळायला त्या उतारावर. धाकट्याचं काम कोपऱ्यांवर दगड ठेवायचं. उतार इतका खडा आणि खोली इतकी त्याच्या पोटाशी, की दारातून वर पाहिलं तर आधी सगळं गवत, सगळ्या चादरी, आणि अगदी वर चार बोटं आभाळ. पलीकडे एका गिरणीचं धुराडं असल्यामुळे तेही राखाडी.

"आमच्या वाट्याला तेवढंच यायचं," मास्तर म्हणाले. त्यांची बोलण्याची रीत आता अशी झाली होती: एक वाक्य, मग श्वास, मग ब्रशाचे दोन फटकारे, मग खिडकीबाहेर तोंड.

ताईने त्यांना चित्रकलेच्या शाळेत घातलं. एक वर्ष. त्या एका वर्षासाठी तिने दुप्पट चादरी घेतल्या, आणि सोड्याने तिची बोटं अशी सोलली की तिला पेला धरता येईना. तेव्हा धाकट्याने शाळा सोडून कारखाना धरला, सहा महिन्यांपुरता. पहिल्या दिवशी आभाळ काढणारा माणूस आला नव्हता. मालक म्हणाला, आजच्या दिवस तू आभाळ घे.

"तो माणूस परत आला?" चौकटवाल्याने विचारलं.

"आला ना. चौथ्या दिवशी. तोवर मालकाला माझं आभाळ स्वस्त पडलं होतं."

सहा महिन्यांची एकतीस वर्षं झाली. लग्नाचं एकदा जमत आलं होतं, पण मुलीच्या बापाने विचारलं, काय करतोस, आणि हा म्हणाला, आभाळ काढतो. बापाने पोरीला घरात बोलावलं. ताई दर दोन-चार महिन्यांनी भेटायची आणि दर वेळी एकच विचारायची, "धाकट्या, तू काढलेलं एक चित्र दाखव." हा तिला कारखान्यातलं दाखवायचा. ती बोट ठेवून विचारायची, "हे झाड तू काढलंस?" नाही. "हे पाणी?" नाही. "घर?" नाही. "मग ही सही तरी?" तीही नाही. "म्हणजे मी तुला चौकटीएवढं शिकवलं आणि तू काठाएवढं काढतोस," असं म्हणून ती हसायची. तो हसायचा नाही.

म्हणून हे चित्र. आणि म्हणून त्यात आभाळ चारच बोटं. ज्या माणसाने डोळे मिटून आभाळ काढलं असतं, त्याला गवत जमेना. चादर तर अजिबात जमेना. पांढऱ्यावर पांढरं, घडीची सावली, ओल्या कापडाचा जडपणा. चार महिने त्यातच गेले. आभाळ सगळ्यात शेवटी, एका सकाळी. "तेवढं मी मजेत काढलं," मास्तर म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा कापून जाणार नाही असं आभाळ."

चौकटवाला खिळे निवडत बसला. सगळे खिळे एकाच मापाचे होते.

शनिवारी त्याने पट्टी चित्राला जोडली. मागून नवीन कापड, मध्ये सरस, वर वजन. कड कडेला भिडली, पण मिटली नाही. केसाएवढी रेघ राहिली, या काठापासून त्या काठापर्यंत. उताराची वरची कड तिरपी होती आणि त्याचा कट सरळ, त्यामुळे डाव्या कोपऱ्यात नखाएवढं आभाळ रेघेच्या खाली राहिलं आणि उजवीकडे एका चादरीचं टोक वर गेलं.

"वार्निश लावलं की दबेल," मास्तर म्हणाले. "पण तैलरंगाला वर्षभर तरी वार्निश लावायचं नाही. आत वाळायला हवा. वर्षाने लावू."

वर्षाने. चौकटवाल्याने त्यांच्या बरगड्यांकडे पाहिलं आणि मान डोलावली.

रविवारी ताई आल्या. ठेंगण्या, ताठ, साठीला टेकलेल्या. हातांची कातडी अजून कागदासारखी. मास्तरांच्या खोलीत एक खाट, एक स्टूल आणि भिंतीला टेकवलेलं चित्र. चौकटवाला ते चौकटीत बसवून पोचवायला म्हणून आला होता आणि जायचं सोडून दाराशी उभा होता. दोघांचं ठरलं होतं की शिवणीचं काही बोलायचं नाही. ताईंची नजर अधू झालीय, लांबून बघतील, संपलं.

ताईंनी चित्र लांबून पाहिलंच नाही. उचललं आणि आधी उलटं केलं. जन्मभर कापड हाताळलेलं माणूस, ते मागची बाजू आधी बघणारच. हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"ठिगळ," ताई म्हणाल्या.

त्यांनी चित्र सुलटं केलं आणि बोट रेघेवरून नेलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"मीही लावायचे असं. डॉक्टरीणबाई येऊन बोट फिरवायची आणि पैसे कापायची. कुणी कापलं हे?"

चौकटवाल्याने तोंड उघडलं. त्याला वाटतं त्याने नक्की उघडलं होतं. पण मास्तर आधी बोलले.

"मीच. सवयीने हात गेला."

"एक चित्र काढलंस जन्मात, ते पण कापलंस."

"हो ताई."

"धाकट्या, तुला दगड ठेवायला सांगायचे तेव्हाही तू एक कोपरा विसरायचास." मग त्या बराच वेळ चादरी मोजत बसल्या. एकोणीस. "त्या नाल्याकडच्या दोन दिवसभर ओल्याच राहायच्या. त्या दोन ओल्या काढल्यास."

"दिसतात?"

"मला दिसतात."

मास्तर भिंतीकडे वळून खोकले, गरजेपेक्षा थोडं जास्त वेळ. मग म्हणाले, "वर्षाने येऊन वार्निश लावून देतो. रेघ दबेल."

"देशील तेव्हा खरं," ताई म्हणाल्या. जुन्या चादरीत गुंडाळून त्यांनी चित्र नेलं. जिन्यात चौकटवाला मदत करायला गेला तर म्हणाल्या, "तू कोण रे?"

"कारखान्यात असतो. चौकटी करतो."

ताईंनी त्याच्याकडे जरा जास्तच पाहिलं. "अस्सं," म्हणाल्या आणि उतरल्या.

मास्तर चार महिने जगले. शेवटचे तीन आठवडे रुग्णालयात, ज्याच्या चादरी ताईंनी धुतल्या होत्या तेच. आता धुलाई यंत्रात होत होती. ताई खाटेशी बसून भावाच्या अंगावरच्या चादरीचं टोक दोन बोटांत चोळायच्या आणि नर्सला सांगायच्या, "सोडा राहिलाय. खळखळून काढलेली नाही." नर्स हो म्हणायची. चौकटवाला दोनदा गेला. दुसऱ्यांदा गेला तेव्हा मास्तरांच्या नाकाला नळी होती आणि त्यांनी हाताने त्याला जवळ बोलावलं. काहीतरी मोठं सांगतील म्हणून तो वाकला. ते म्हणाले, "वार्निश पातळ कर. जाड लावू नकोस." तेव्हा त्याला कळलं की ते काम आपल्याकडे आलं.

"ताईंना खरं सांगू का मास्तर? कापल्याचं?"

मास्तरांनी डोळे मिटले. हो म्हणून की दमले म्हणून, ते त्याला समजलं नाही, आणि परत विचारायची सोय राहिली नाही. दोन दिवसांनी खाट मोकळी झाली. तिसऱ्या दिवशी त्या खाटेवर दुसरी चादर होती.

कारखान्यात मास्तरांच्या जागी कुणी आलं नाही. मालकाने आभाळ छापून आणलं. निळं छापलेलं कापड अठराच्याच मापात येतं, वर काही उरत नाही, कापावं लागत नाही. पोतं हळूहळू रिकामं झालं. चौकटवाल्याने तळाच्या दहा-बारा पट्ट्या स्वतःच्या टेबलाच्या खणात ठेवल्या.

वर्ष झालं तेव्हा त्याने वार्निशची बाटली आणली. आणि घाबरट माणूस करतो तसं आधी खणातल्या पट्ट्यांवर करून पाहिलं. दोन पट्ट्या कडेला कड भिडवून मागून चिकटवल्या, वर पातळ हात दिला, दोन दिवस ठेवल्या, उजेडात धरल्या. रेघ दबली नव्हती. वार्निशने तिच्या दोन्ही काठांना चकाकी आली होती आणि ती आधीपेक्षा ठळक, ओल्या तारेसारखी चमकत होती. त्याने आणखी पातळ करून पाहिलं. तेच.

एकतीस वर्षं तैलरंगात घालवलेल्या माणसाला हे माहीत नसेल? चौकटवाला बाटलीला बूच लावून बसला. मास्तरांना माहीत होतं. ताईंना तेवढा एक वायदा हवा होता, तो त्यांनी दिला, आणि फेडायला याला ठेवलं. वार्निश लावावं तर रेघ चमकणार. न लावावं तर वायदा बुडणार. आणि त्या रेघेपाशी उभं राहून ती कुणाची हे न सांगणं आता त्याला जमणार नव्हतं.

दुसरं वर्षही असंच गेलं. मग एका दुपारी तो बाटली पिशवीत घालून ताईंच्या दारात गेलाच. चित्र खाटेसमोरच्या भिंतीवर होतं, नजरेच्या उंचीवर, आणि चौकटीवर धुळीचा कण नव्हता. ताईंनी त्याला ओळखलं.

"चौकटवाला. ये. वार्निश आणलंस?"

बाटली पिशवीत होती. पिशवी त्याच्या मांडीवर होती. येताना रस्त्यात त्याने सगळी वाक्यं जुळवली होती, पहिलं वाक्य तर अगदी पाठ होतं: ताई, ते मास्तरांनी नाही कापलं. शाळेत कविता म्हणायला उभं राहिल्यावर व्हायचं तसं ते पहिलंच वाक्य गेलं.

"अजून वाळलं नाही, ताई," तो म्हणाला. "तैलरंग आहे. आतून ओला असतो."

ताई उठल्या. चित्रापाशी गेल्या, नाल्याकडच्या ओल्या चादरीवर बोटाचं पेर दाबलं आणि ते पेर डोळ्यांजवळ आणून पाहिलं. बोट कोरडं होतं. ते त्यांना दिसलं, तसं त्यालाही दिसलं.

"असेल," त्या म्हणाल्या. "नाल्याकडच्या वाळायच्याच नाहीत लवकर. पुढच्या वर्षी ये मग."

"येतो."

"आणि पिशवी नीट धर. काहीतरी सांडतंय."

बूच ढिलं झालं होतं. त्याने पिशवी सरळ केली, रुमालाने फरशी पुसली आणि बाटली तशीच घेऊन परत गेला. ती अजून त्याच्या खणात आहे, पट्ट्यांच्या शेजारी, बोटभर कमी.